पिसातली रेघ

वादळ किती वेळ होतं, असं कुणी विचारलं की बाबा म्हणतात, "साडेतीन तास." आई म्हणते, "महिनाभर." तिचा हिशेब वीज परत येईपर्यंतचा असतो. ३ जून २०२० ला, बुधवारी दुपारी, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा टाळेबंदीमुळे पुणं सोडून आलेली मी त्या दोघांच्या मध्ये माजघरात बसले होते. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता, हे नंतर वाचलं. त्या वेळी कळत होता तो फक्त आवाज. माड उन्मळतो तेव्हा जमीन हादरते. पोफळ मात्र मध्येच मोडते, आणि मोडताना ओला बांबू पिळल्यासारखी कण्हते. बाबा सुरुवातीला ते आवाज मोजत होते. चाळीसच्या पुढे कधीतरी त्यांनी मोजणं सोडलं आणि पंचा डोळ्यांवर ओढून घेतला.

संध्याकाळी दार उघडलं तर वाडीच्या जागी आभाळ होतं. आजवर आमच्या घरातून नुसता ऐकू येणारा समुद्र पहिल्यांदाच ओटीवरून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौलांचा चुरा झाडता झाडता पडवीच्या कोपऱ्यात मला नवरंग सापडला. हिरवी पाठ, खाकी पोट, डोळ्यावरून ओढलेला काळा पट्टा, आखूड शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. मे सरता सरता, पहिल्या पावसाच्या सुमाराला हा पक्षी दक्षिणेतून आमच्याकडे येतो. राईतल्या पाचोळ्यात किडे उचकत फिरतो आणि पहाटे, तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. ती शीळ ऐकली की बाबा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, यादीवरून शेवटचा हात फिरवतात.

मी पंचा टाकून त्याला उचललं. तो भिजून चिंब झाला होता, तरी मुठीत काही आहे असं वाटेना. उराचं हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागलं. उडण्याचे स्नायू तिथेच असतात. खाऊनपिऊन असलेल्या पक्ष्याचं ते हाड मांसात बुडालेलं असतं. हा एवढा लांबून उडत आला आणि आल्या आल्या वादळात सापडला. त्याच्या हृदयाचे ठोके मोजता येत नव्हते. बोटांना लागत होती ती नुसती थरथर, घड्याळाच्या दुकानातली सगळी घड्याळं एकाच वेळी चालावीत तशी.

"अगो, पाणी पाज त्याला," आई म्हणाली.

चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जायची भीती असते, एवढं मला माहीत होतं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत कोरडं फडकं घातलं, त्याला ठेवून झाकण लावलं. अंधार हेच त्या घटकेचं औषध होतं. मग मी खोक्याशेजारी बसून राहिले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि फोन बंद होता.

त्या खोक्यात काय चाललं होतं, ते मला पुढे वाचून कळलं. संकट आलं की मेंदूतून इशारा सुटतो आणि मूत्रपिंडाशेजारच्या बारक्याशा ग्रंथी रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन सोडतात. माणसातल्या कॉर्टिसॉलचं हे पक्ष्यांमधलं भावंड. ते रक्तात किती आहे हे पाहायचं तर संशोधक जंगलात धुक्यासारखी बारीक जाळी लावतात आणि अडकलेल्या पक्ष्याच्या पंखातल्या शिरेतून रक्ताचे दोनचार थेंब घेतात. पण त्यासाठी त्यांच्या हाताशी तीनच मिनिटं असतात. तेवढ्यात घेतलेलं रक्त पक्ष्याचं आधीचं आयुष्य सांगतं: पाऊस, उपास, रात्रीचा वारा. त्यानंतरच्या रक्तात पकडणाऱ्या माणसाची भीती मिसळलेली असते. हे वाचलं तेव्हा मला माझा पंचा आठवला. तीन मिनिटांनंतर त्या नवरंगाच्या रक्तातलं वादळ मी होते.

त्याच आठवड्यात आईची साखर २८० वर गेली. गोळ्या चालू होत्या, खाणं निम्म्यावर आलं होतं, गोड तर घरात उरलंच नव्हतं. बाबांना वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र ठीक होतं. भेदरलेलं शरीर पळायची तयारी करतं, आणि पळायला इंधन लागतं म्हणून साठवणीतली साखर रक्तात ओततं. आईला तर पळायचंही नव्हतं, तिला फक्त फुटक्या कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली पातेली लावायची होती. शरीराला हा फरक कळत नाही. गंमत अशी की धडधाकट पक्ष्याच्या रक्तात एरवीच माणसाच्या दुपटीहून अधिक साखर असते. आईचा तो आकडा एखाद्या बुलबुलाला तब्येत उत्तम असल्याची खूण वाटला असता.

साखर वाढते तशी बाकीची खाती बंद होतात. पक्ष्याचं गाणं थांबतं. हद्दीवरची भांडणं थांबतात. पिसं गळून नवी येणं पुढे ढकललं जातं. घरट्यात अंडी असली तर तीही सोडली जातात. जॉन विंगफील्ड या शास्त्रज्ञाने वादळात सापडलेल्या पक्ष्यांचा अभ्यास करून या अवस्थेला आयुष्यातली आणीबाणी म्हटलं. वाचायला हे क्रूर वाटतं. पण वाऱ्याने कौलं उडायला लागली तेव्हा देवघरातली समई विझली की राहिली, हे आम्हीही पाहिलं नव्हतं. बाबांनी आईचा दंड धरून तिला माजघरात ओढलं, इतकंच. उरलो तर समई पुन्हा लावता येते.

उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांना तर हा हिशेब फार जवळचा. ते बेताने जगणारे. पनामात केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की थंड प्रदेशातल्या पक्ष्यांच्या तुलनेत तिथले पक्षी विश्रांतीत असताना सुमारे १८ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. धग मंद, अंडी बहुधा दोनतीन, आयुष्य लांब. यंदाचं घरटं गेलं तर पुढच्या वर्षाची आशा असते. मात्र पुढचं वर्ष गाठायला आजचा दिवस निभावावा लागतो.

आजचा दिवस निभावतो तो बेगमीवर. आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात: तांदूळ, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, सरपण. पक्ष्याची आगोट त्याच्या कातडीखाली असते. गळ्याच्या खळग्यातली पिसं फुंकर मारून बाजूला केली की पातळ कातडीतून पिवळी चरबी दिसते. संशोधक तिला डोळ्यांनीच गुण देतात: रिकामा खळगा, अर्धा, भरलेला. लहान पक्ष्याची ही बेगमी फार थोडी. फळं खाणाऱ्याची तर आणखीच, कारण त्याचं पोट दिवसभर भरत राहावं लागतं.

कोस्टारिकात मनाकिन नावाचा चिमणीहून लहान, फळं खाणारा पक्षी आहे. त्यातले काही पावसाळ्यात डोंगरावरून खाली उतरतात, काही वरच राहतात. तिथे आयुष्य काढलेले पक्षितज्ज्ञ अलेक्झांडर स्कच यांना फार पूर्वी वाटलं होतं, की यांना वादळं खाली ढकलत असावीत. पुढे ॲलिस बॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या आणि खालच्या जंगलात एकाच वेळी पक्षी धरून त्यांचं रक्त तपासलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. पाऊस कमीजास्त होईल तसं कॉर्टिकोस्टेरॉन बदलत होतं, चरबी बदलत होती, रक्तातली उपासाची चिन्हं बदलत होती. आणि वर राहिलेल्यांना वादळाचा फटका जास्त बसत होता. पावसाने पक्षी बुडत नाहीत. मुसळधारेत त्यांना फळापर्यंत जाता येत नाही, आणि जेवणाचे तास वाया जातात. वादळ पोटातून आत शिरतं.

हे मी वाचण्याआधीच आमच्या वाडीत डोळ्यांनी पाहिलं होतं. वादळानंतर चौथ्या दिवशी विहिरीमागे एक केळ आडवी पडली होती, तिचं केळफूल चिखलात टेकलेलं. एरवी माणसाच्या डोक्यावरून भिरभिरणारा शिंजीर जमिनीवर उतरून त्या फुलात चोच घालत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असूनही तो उडाला नाही. जास्वंद नव्हती, शेवग्याचा मोहोर नव्हता, गावभरात मध म्हणून उरला असेल तो त्या मातकट केळफुलात. भीतीपेक्षा भूक मोठी झाली होती आणि ते त्याच्या चोचीच्या घाईत दिसत होतं.

१८ सप्टेंबर १९८९ ला ह्यूगो नावाचं चक्रीवादळ पोर्तो रिकोच्या लुकिलो पर्वतावरून गेलं, तेव्हा तिथल्या जंगलातही असंच झालं. शेंड्यांवर राहणारे पक्षी खाली झुडपांत उतरले, कारण शेंडेच राहिले नव्हते. किडे खाणाऱ्यांपेक्षा मध आणि फळं खाणारे जास्त घटले. त्या जंगलात इग्वाका हा हिरवा पोपट होता. त्या काळी रानात तो जगात इतरत्र कुठेच नव्हता. वादळाआधी रानात त्याची संख्या पन्नासच्या आतबाहेर होती, नंतर निम्मी राहिली. वाऱ्यातून वाचलेल्यालाही पुढे पानाफुलाविना उघड्या पडलेल्या रानात दिवस काढायचे असतात. बाबांचे साडेतीन तास तिथे लागू पडत नाहीत. आईचा महिना जरा जवळ जातो.

आमच्या नवरंगाला मी तो सापडला त्याच दिवशी, साडेपाचच्या सुमाराला, राईच्या कडेला नेऊन खोकं उघडलं. तो उडाला नाही. दोन उड्या मारून उतरला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, मग एक पान उलटलं, अळी उचलली, गिळली. आणीबाणी थोडी ओसरली की शरीर सगळ्यात आधी भूक परत आणतं. तिसऱ्या उडीला तो पाचोळ्याच्या रंगात विरघळला.

राई मात्र ओळखू येत नव्हती. वटपौर्णिमा ५ तारखेला होती आणि देवळाशेजारचा वड आडवा झाला होता. बायकांनी त्या आडव्या वडालाच सूत गुंडाळलं. मुळांच्या बाजूने जाता येत नव्हतं म्हणून फेरा अर्ध्यावरून परत फिरत होता. वर जिथे छप्पर होतं तिथे मोठंच्या मोठं भगदाड. जिथे दुपारीही कवडसे मोजता यायचे तिथे ऊन सपाट पडलं होतं, पाचोळा कुरकुरीत वाळला होता. भर सावलीतल्या पक्ष्याला हा बदल डोळ्यातून आणि कातडीतून कळतो. पेरूच्या डोंगरी रानांत केलेल्या अभ्यासात दिसलं, की ज्या पक्ष्यांचे डोळे मोठे, म्हणजे अंधारासाठी बनलेले, ते जंगल तुटून उघड्या झालेल्या जागांत कमी टिकतात. नवरंगाचे डोळेही टपोरे.

पण भगदाड हे रानाला नवीन नाही. म्हातारं झाड पडणारच, त्याच्या जागेवर ऊन उतरणारच. पाऊस लागल्यावर त्याच उन्हात दिंडा आणि चांदाडा माजले. पुढच्या वर्षी दिंड्याच्या काळ्या फळांवर बुलबुलांची झुंबड होती. उपासाने खालावलेल्या अंगांसाठी रानानेच जणू अन्नछत्र उघडलं. आमच्या रानातले पक्षी पडझडीच्या जगातच घडले आहेत. त्यांच्या रक्तात आणीबाणीची व्यवस्था आहे ती काही उगाच नाही. ती आजार नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादळांनी घालून दिलेली शिस्त आहे.

हे सगळं पटलं होतं. मला अडवलं ते धनेशाच्या जोडीने.

राईच्या वरच्या अंगाला एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत धनेश दरवर्षी यायचे. मादी आत शिरते, चिखल आणि विष्ठेने दार लिंपून फक्त चोचीएवढी फट ठेवते, आणि आत बसल्या बसल्या पंखांची, शेपटीची मोठी पिसं गाळून टाकते. नर फटीतून उंबरं भरवतो. त्या काळात मादीला उडता येत नाही. सगळा भरवसा त्या झाडावर आणि त्या नरावर. २०२० साली मे संपता संपता ढोली रिकामी झालेली मी पाहिली होती. बेहडा पडला तो त्यानंतर काही दिवसांनी. वादळ तीन आठवडे आधी आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरा करू शकलेले नाही.

पुढच्या फेब्रुवारीत जोडी आली. शेजारच्या ऐनावर बसून दोघं ज्या बाजूला बेहडा होता त्या बाजूला मान फिरवून फिरवून पाहत राहिली. नर एकदा उडाला, त्या मोकळ्या जागेत पंख फडफडवून परत आला. धनेशाला ढोली कोरता येत नाही, आयती लागते; आणि त्याच्या मापाची ढोली व्हायला झाड आधी म्हातारं व्हावं लागतं, मग आतून कुजावं लागतं. म्हणजे काही दशकं. रक्तातलं वादळ शांत झालं होतं, चरबी भरून आली होती, पिसं नवी होती. पण त्या जोडीपुरतं वादळ अजून चालूच होतं.

आणि वर्ष भरायच्या आत, १६-१७ मे २०२१ ला, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने सरकत वर गेलं. आमच्याकडे या वेळी कौलसुद्धा पडलं नाही. बाबांनी लावलेली रोठा सुपारीची रोपं गुडघ्याएवढी होती, वारा त्यांच्या डोक्यावरून गेला. तरी बाबांनी सबंध रात्र भिंतीला पाठ लावून बसून काढली. पहाटे मी चहा दिला तेव्हा कपबशी वाजत होती.

तेव्हा मला त्या जुन्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. वादळ किती वेळ चालतं यापेक्षा, दोन वादळांच्या मध्ये किती उसंत मिळते, हे शरीराला जास्त महत्त्वाचं. कॉर्टिकोस्टेरॉन तासाभरासाठी उसळून खाली बसलं तर ते जीव वाचवतं. तेच दिवसेंदिवस चढं राहिलं तर स्नायू खातं, रोगाशी लढायची ताकद कमी करतं, विणीचा हंगाम बुडवतं. पोफळ धरायला पाच-सात वर्षं मागते, ढोली काही दशकं, नवरंग एक शांत पावसाळा. वाट पाहायची ताकद सगळ्यांत आहे. ती या हिशेबावरच बेतलेली आहे. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळं जास्त जोरकस होत आहेत, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे हिशेबातली उसंतच कमी होत चालली आहे. पुढचं वादळ येईल तेव्हा आगोट भरलेली असेल का, एवढाच प्रश्न उरतो.

त्या वर्षी श्रावणात परसातल्या फणसाखाली मला कावळ्याचं एक पीस सापडलं, चार दिवसांनी दुसरं. दोन्ही शेपटीची, काळ्यापेक्षा तपकिरीच जास्त, टोकाला निमुळती: गेल्या वर्षीच्या पिल्लाची, पहिली पिसं गळून नवी येण्याच्या वेळची. उजेडासमोर धरली तर दोन्हींवर एक फिकट, जवळजवळ पारदर्शक आडवी रेघ. दोन पिसं टोकं जुळवून शेजारी शेजारी ठेवली. रेघा एकाच उंचीवर आल्या.

पीस वाढत असतं तेव्हा रोज साधारण एक गडद आणि एक फिकट पट्टा धरत, दिवसाला एक ओळ लिहीत जातं. वाढीच्या ऐन दिवसांत उपास घडला, दहशत बसली, तर त्या ठिकाणी वीण विरळ पडते आणि रेघ उमटते. पिल्लाच्या शेपटीची सगळी पिसं एकदमच वाढतात, म्हणून रेघ सगळ्यांवर एका ओळीत येते. जूनच्या सुरुवातीला आमच्या फणसावर कावळ्याची पिल्लं होती खरी. पण ही रेघ ३ तारखेचीच, असं मी म्हणणार नाही. रेघेवर तारीख नसते.

बाबा वाडीचा हिशेब लिहायला वही घेऊन ओटीवर बसले होते. मी पीस त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडासमोर धरलं, रेघेवरून नख फिरवलं.

"इथून मोडेल हे."

"मोडलं नाही पण. वर्षभर यानेच उडाला तो."

बाबांनी वहीची पानं मागे उलटली. ३ जूनच्या पानावर त्यांच्या अक्षरात एवढंच होतं: पोफळी २१२, माड १९, आंबे ३, फणस १. त्याखालचं पान कोरं. पीस त्यांनी तिथे ठेवलं.

"आता नवं येतं त्याला?"

"येतं."

"रेघेशिवाय?"

"तेवढे दिवस सुखाचे गेले तर."

बाबांनी वही मिटली. थोडा वेळ समुद्राच्या दिशेला पाहिलं. वारा पडलेला होता. मग विळा घेऊन ते पोफळीच्या आळ्यांतलं तण काढायला उतरले. रोपं आता त्यांच्या कमरेला लागत होती.